लोखंडी बैल

बैल सारेच सारखे, असे अजाण माणसास वाटते. शेतकऱ्यास तसे वाटत नाही. माणदेशाकडील खिलार बैल उंच, पांढराशुभ्र आणि चपळ. कोरड्या मुलखात तो झपाझप पावले टाकतो. सह्याद्रीच्या पावसाळी पट्ट्यातील डांगी बैल त्याच्याहून निराळा. त्याच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो. त्यामुळे मुसळधार पावसात व चिखलातही तो निमूटपणे काम करतो. जसा मुलूख, तसा त्याचा बैल.

बैलाची जागा घेणाऱ्या यंत्रांचीही हीच कथा आहे. ट्रॅक्टर हा एक लोखंडी बैलच होय. आणि त्याच्याही नाना जाती आहेत. त्यांपैकी कित्येक आता नामशेष होत चालल्या आहेत. देशोदेशींचे काही हौशी लोक असे जुने, चमत्कारिक ट्रॅक्टर शोधून काढतात, त्यांचा गंज उतरवतात, त्यांना पुन्हा चालते-बोलते करतात. या छंदात एवढे गोडी लागण्यासारखे काय आहे, ते आपण पाहू.

प्रारंभ मावळापासून करू. पुणे जिल्ह्याचा हा पश्चिमेकडील डोंगराळ भाग. अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही त्याच्या खोऱ्यांची नावे. लोणावळ्यास वर्षाकाठी सरासरी ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. साहजिकच येथील मुख्य पीक भाताचे. घरोघरी आवडीने खाल्ली जाणारी इंद्रायणी ही भाताची सुवासिक जात वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातूनच १९८७ साली प्रसारित झाली. भाताची लावणी करण्यापूर्वी खाचरात पाणी साठवून माती लोण्यासारखी मऊ करावी लागते. या कामास चिखलणी म्हणतात. आता कल्पना करा, की अशा खाचरात एखादा अवजड ट्रॅक्टर उतरला. त्याची चाके रुततील. आणि डोंगरउतारावरील चिंचोळ्या खाचरात त्यास वळावयासही जागा मिळणार नाही!

म्हणून भातखाचरांसाठी निराळी जात निघाली. ती म्हणजे पॉवर टिलर. यास चाके दोनच. चालवणारा मागून चालतो आणि नांगराचे रुमणे धरावे तशा दोन दांड्या धरतो. मागे फिरणारी पाती चिखल कालवतात. खाचरात उतरताना रबरी चाकांच्या जागी लोखंडी पट्ट्यांची, पिंजऱ्यासारखी रुंद चाके बसवतात. त्यांमुळे यंत्राचा भार अधिक जागेवर पसरतो आणि पट्ट्यांना चिखलात पकड मिळते. जपानातही अशीच लहान भातखाचरे आहेत. तेथे ही यंत्रे नांदत होती. १९६० नंतरच्या दशकात जपानी कंपन्यांच्या सहकार्याने ती भारतातही तयार होऊ लागली. डांगी बैलाचा हा लोखंडी भाऊच म्हणावयाचा!

परंतु शेतकऱ्याने लोखंडाचे स्वागत प्रथमपासून केले, असे मात्र नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगर जमीन उकरतो. लोखंडी नांगर माती उलथून टाकतो, आणि हराळी-कुंद्याची चिवट मुळे वर काढतो. एवढा गुण असूनही तो कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा लोकांचा समज होता! लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही. पुढे औंध संस्थानाने त्यांना जागा दिली आणि १९१० साली तेथील माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंड दुर्मिळ झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरील जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या, असे सांगतात.

आता परदेशातील दोन नामांकित जाती पाहू. जर्मनीत १९२१ साली लांझ कंपनीचा 'बुलडॉग' ट्रॅक्टर निघाला. फ्रिट्झ हुबर हे त्याचे रचनाकार. एकच मोठा सिलिंडर आणि शक्ती अवघी १२ अश्वांची. तो सुरू करण्याची रीत मोठी मौजेची होती. इंजिनाच्या तोंडाशी लोखंडाचा एक पोकळ गोळा असे. दिव्याच्या ज्योतीने तो चांगला तापवावयाचा आणि मग जड चक्र हाताने हेलकावावयाचे. तापलेल्या गोळ्यामुळे तेल पेट घेई आणि इंजिन धडधडू लागे. मागे जाण्यासाठी पहिल्या बुलडॉगला वेगळा गिअरच नव्हता. इंजिनाची गती अगदी मंद करून त्यास उलट दिशेने फिरू द्यावयाचे, की गाडी मागे सरके! मात्र हे इंजिन हलक्या, जाड्याभरड्या तेलावरही चाले. जेथे चांगले इंधन मिळणे कठीण, तेथे याहून मोठा गुण कोणता?

दुसरी जात फर्ग्युसनची. पूर्वीच्या ट्रॅक्टरांमागे नांगर नुसता ओढत नेत. फाळ खडकास अडला, तरी मागची चाके फिरतच राहत. मग ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाई आणि तो चालकासह मागे उलथे. अशा अपघातांत अनेकांचे प्राण गेले. उत्तर आयर्लंडमधील एका शेतकऱ्याचा मुलगा हॅरी फर्ग्युसन याने यावर तोड काढली. त्याने नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरलाच जोडून टाकला. फाळ अडला, की वरची दांडी ट्रॅक्टरला पुढे रेटते व त्याची पुढची चाके जमिनीवर टेकलेली राहतात. शिवाय नांगराचा भार मागच्या चाकांवर येऊन त्यांची पकड वाढते; म्हणून लहान ट्रॅक्टरही मोठे काम करतो. त्याचा करड्या रंगाचा छोटा ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाला. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचले, ते याच ट्रॅक्टरांना साखळपट्टे चढवून! तुमच्या गावातील कोणत्याही ट्रॅक्टरच्या मागे पाहा; त्या तीन दांड्या आजही तेथे दिसतील.

महाराष्ट्राचाही या इतिहासात वाटा आहे. मुंबईस १९६३ साली महिंद्र कंपनीने एका अमेरिकी कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टरांचा उद्योग आरंभला. 'बी-२७५' हा त्यांचा आरंभीचा ट्रॅक्टर. १९७० नंतरच्या दशकात नाशिक येथे किर्लोस्करांनी जर्मनीतील डॉइट्झ कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टर काढले. त्यांचे इंजिन पाण्याने नव्हे, तर वाऱ्याच्या झोताने थंड राखले जाई. आज असा ट्रॅक्टर दृष्टीस पडणे विरळाच.

मग या जुन्या यंत्रांचे करावयाचे काय? बहुधा ती वजनावर भंगारात विकली जातात. लोखंड पुन्हा भट्टीत जावे, नव्या वस्तू व्हाव्या, यात गैर काही नाही. तोफांचे नांगर झाले, ते उचितच झाले. शंभरांतील नव्याण्णव यंत्रे वितळली तरी चालेल. पण शंभरावे वितळले, तर ती जात जगातून गेली. आणि तिच्याबरोबर ती चालवण्याची, दुरुस्त करण्याची विद्याही गेली. एखादा वृद्ध मिस्त्री नुसत्या आवाजावरून इंजिनाचे दुखणे ओळखतो. तो आवाज करणारे इंजिनच न उरले, तर ही विद्या तो कोणास व कशी शिकवणार?

पुण्यास दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, कुलपे अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. त्या वस्तू त्या काळी कोणास मोलाच्या वाटत नव्हत्या. आज त्यांचे संग्रहालय पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. गोठ्यामागे पडलेले एखादे औत, झाडाखाली गंजणारा एखादा ट्रॅक्टर यांच्याकडेही त्याच नजरेने पाहावयास हवे. यंत्र विकत घेऊन ठेवणे सर्वांना शक्य नाही. पण त्याचे चित्र काढणे, भागांची नावे टिपणे, ते कोणत्या साली आले व कोणत्या शिवारात राबले हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवणे, हे तुम्हांस सहज करता येईल. मात्र चालू यंत्राच्या जवळ कधीही जाऊ नये.

बैल बोलत नाही. पण त्याच्या अंगलटीवरून जाणता शेतकरी त्याचा मुलूख सांगतो. यंत्राचेही तसेच आहे. त्याचे प्रत्येक चाक, प्रत्येक दांडी म्हणजे कोणा तरी माणसाने कोणत्या तरी अडचणीस दिलेले उत्तर असते. ते उत्तर वाचता येणे, हीच या छंदाची खरी गोडी होय.

अभ्यास

१. मावळातील भातखाचरांत अवजड ट्रॅक्टर का चालत नाही?
२. लोखंडी नांगर घेण्यास लोक प्रथम का कचरले?
३. फर्ग्युसनच्या तीन दांड्यांनी कोणता धोका टळला, ते आकृती काढून समजावून सांगा.
४. 'शंभरावे यंत्र वितळू नये' असे लेखकास का वाटते?
५. आपल्या घरातील किंवा गावातील एका जुन्या अवजाराची माहिती दहा ओळींत लिहा.