कृश मुलगा आणि घरचीं माणसें

आपल्या सुशिक्षित घरांतून मुलाच्या गुणांची चौकशी नित्य होते. त्याच्या छातीची व दंडांची चौकशी होत नाहीं, आणि झालीच तर ती थट्टेच्या रूपानें होते. ‘काडीपहिलवान’, ‘वाऱ्यानें उडून जाशील’, ‘आईनें जेवूं घातलें नाहीं काय?’ असें आपण प्रेमानें बोलतों, अशी आपली समजूत असते. ऐकणाऱ्या मुलास काय वाटतें, हें मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं कळलें. तें कसें कळलें आणि त्यानंतर आम्हीं घरांत काय केलें, तें माझ्यासारख्या इतर वडीलधाऱ्यांच्या उपयोगीं पडावें म्हणून येथें सांगतों.

आमचें कुटुंब एकत्र आहे. श्रावणीस घरांतील सर्व पुरुष मंडळी उघड्या अंगानें देवघरापुढें बसून यज्ञोपवीत बदलतात. दोन वर्षांपूर्वींच्या श्रावणीस माझा नातू माझ्यासमोर बसला होता. वय वर्षें १४. नुकताच ताडासारखा उंच झालेला. बरगड्या एकएक मोजून घ्याव्या. मी जन्मभर संस्कृत शिकविलेला मास्तर. तोंडांतून तरतमभावाचें उदाहरण निघून गेलें : ‘कृश, क्रशीयस्, क्रशिष्ठ. हा पाहा, मूर्तिमंत क्रशिष्ठ!’ सारी मंडळी हंसली. तोही हंसला. मला माझ्या विनोदाचें कौतुक वाटलें.

पुढील वर्षीं श्रावणीच्या दिवशीं पोट दुखतें म्हणून तो खोलीबाहेर आलाच नाहीं. नव्या पिढीची ही अनास्था, असें समजून मीं दाराबाहेरून चार कठोर शब्द ऐकविले. दुपारीं सूनबाई हलकेच म्हणाली, ‘मामंजी, त्याला धर्माचा कंटाळा नाहीं. त्याला चारचौघांत सदरा काढायचा नाहीं. वर्ष झालें, तो पोहायलासुद्धां जात नाहीं.’

मी निरुत्तर झालों. सायंकाळीं तो गच्चीवर एकटा बसला होता. त्याच्यापाशीं जाऊन म्हटलें, ‘बाळ, माझें चुकलें.’ बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, ‘आजोबा, हें बदलतां येतें का?’

पस्तीस वर्षें मुलांच्या प्रश्नांस उत्तरें दिलीं. या प्रश्नाचें उत्तर मला ठाऊक नव्हतें. म्हणून आमच्या डॉक्टरांस विचारिलें, शाळेंतील एका जुन्या व्यायामशिक्षक स्नेह्यांस विचारिलें, आणि कांहीं वाचलें. त्यांतून जें निष्पन्न झालें तें असें.

प्रथम कृशतेचें कारण. या वयांतील कृशता हा बहुधा रोग नव्हे, वाढीचा क्रम होय. मुलग्यांची उंची साधारणतः तेराव्या-चौदाव्या वर्षीं सर्वांत झपाट्यानें वाढते. स्नायूंची व बळाची वाढ तिच्यामागून, कित्येक महिन्यांच्या अंतरानें येते. वाड्याचे खांब व तुळया उभ्या राहिल्या आहेत, भिंती भरावयाच्या आहेत, अशी ती अवस्था असते. तरी एक तपासणी अवश्य करावी. वजन उतरत चाललें असेल, ताप किंवा खोकला हटत नसेल, तहान व लघवी फार वाढली असेल, पोट वारंवार बिघडत असेल, अथवा १४ वर्षें पुरीं होऊनही वयांत येण्याचें कोणतेंच चिन्ह दिसत नसेल, तर व्यायामाच्या आधीं वैद्यकीय सल्ला घ्यावा. आमच्या मुलास यांपैकीं कांहीं नव्हतें. उंची ५ फूट ५ इंच, वजन ४५ किलो आणि प्रकृति निकोप.

विद्या आणि बळ यांचें हाडवैर आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं लोकमान्य टिळकांचें चरित्र पाहावें. १८७३ सालीं ते डेक्कन कॉलेजांत दाखल झाले तेव्हां १६-१७ वर्षांचे व शरीरानें अशक्त होते. पहिलें वर्ष त्यांनीं मुख्यतः शरीर कमावण्यांत घालविलें आणि त्या वर्षींची परीक्षा हातची गेली. पदवी पुढें मिळालीच. १९०८ ते १९१४ हीं वर्षें मंडालेच्या तुरुंगांत काढावीं लागलीं तेव्हां त्यांची पन्नाशी उलटली होती. आणि तेथें त्यांनीं ‘गीतारहस्य’ लिहिलें. महाविद्यालयाचें तें एक वर्ष वाया गेलें, असें कोणताही सुज्ञ गृहस्थ म्हणणार नाहीं. आज मात्र वर्ष खर्ची घालण्याची जरूर नाहीं. आठवड्यांतून तीन दिवस, दर वेळीं पाऊण तास पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं ५ ते १७ वर्षांच्या मुलांस रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल, आणि आठवड्यांतून निदान तीन दिवस स्नायु व हाडें बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे.

स्नायु वाढतो कसा? त्याच्यावर संवयीपेक्षां थोडा अधिक भार पडला, कीं मागाहून विश्रांतींत शरीर त्याचे तंतु अधिक जाड करितें. यांत तीन गोष्टी आल्या : भार, अन्न व विश्रांति. एक गाळली तर उरलेल्या दोन लंगड्या पडतात. शिवाय भार हळूहळू वाढत गेला पाहिजे. आपल्या घरांतून ‘रोज १२ नमस्कार घाल, सर्व होईल’ असें सांगण्याचा प्रघात आहे. मींही प्रथम तेंच सांगितलें. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा जो प्रसार केला त्याचें ऋण मोठें आहे. नमस्कारांनीं दम वाढतो, पाठीचा कणा लवचिक राहतो. परंतु त्यांत भार आपल्या देहाचाच व तेवढाच राहतो, आणि खेचण्याची क्रिया मुळींच नाहीं. यास्तव केवळ संख्या वाढवून पाठ व दंड भरत नाहींत. नमस्कार हा आरंभ समजावा.

वरच्या अंगासाठीं मुख्य क्रिया दोन : ढकलणें व खेचणें. ढकलण्यासाठीं साधे जोर. अंग डोक्यापासून टांचेपर्यंत सरळ ठेवावें, कोपरें फार फाकूं देऊं नयेत, छाती खालीं टेकत आणावी. आमच्या मुलास जमिनीवर एकही जोर निघेना. त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं; हात उंचावर टेकले कीं भार कमी होतो. पहिले तीन आठवडे त्यानें स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात टेकून जोर काढले, पुढें जिन्याच्या पायरीवर, आणि अडीच महिन्यांनीं जमिनीवर. जमिनीवरचे १२ सहज निघूं लागल्यावर पाय पाटावर ठेवून, आणि त्याहीनंतर पाठीवर पुस्तकांचें दप्तर घेऊन. क्रमिक पुस्तकांचा असा उपयोग मीं प्रथमच पाहिला.

खेचण्याच्या बळासाठीं मल्लखांबासारखें साधन नाहीं. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधर यांनीं त्यास ऊर्जितावस्था आणली, तो वारसा आपलाच आहे. चांगली तालीम जवळ असेल त्यानें तेथें जावें. नसेल त्यास भक्कम बसविलेला एक आडवा लोखंडी बार पुरे. आरंभीं नुसतें लोंबकळावें : १०, २०, ३० सेकंद. मग स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर आणावी आणि मनांत पांच अंक मोजीत सावकाश खालीं यावें. खालीं येणें साधलें कीं वर जाणें साधतें. आपल्या बळानें हनुवटी बारवर नेण्यास आमच्या मुलास साडेचार महिने लागले. त्या दिवशीं घरांत पेढे वाटले नाहींत. वाटावयास हरकत नव्हती.

यांखेरीज भरलेलें दप्तर खांद्यांपासून डोक्यावर उचलणें हें खांद्यांसाठीं, पुढें वाकून पाठ सरळ ठेवून तेंच पोटाकडे ओढणें हें पाठीसाठीं, आणि बैठका पायांसाठीं. वर बुरूज व खालीं काड्या हें शोभत नाहीं. प्रत्येक क्रियेचीं तीन आवर्तनें, दर आवर्तनांत ८ ते १२ वेळां, मध्यें दीड-दोन मिनिटें विसावा. आणखी दोन-तीन निघाले असते असें वाटतांच थांबावें. सुश्रुतानें व्यायामाची मर्यादा ‘बलार्ध’ अशी सांगितली आहे, म्हणजे अंगीं असलेल्या बळाच्या अर्ध्यापर्यंत. आजचे तज्ज्ञ थोडें पुढें जाऊं देतात. परंतु अंग मोडेपर्यंत व्यायाम करूं नये, याविषयीं प्राचीनांचें व अर्वाचीनांचें एकमत आहे. दोन व्यायामांत एक दिवस मोकळा ठेवावा, आणि किती वेळां काय केलें तें वहींत टिपावें; नाहीं तर भार वाढला कीं नाहीं हें कळत नाहीं.

वजनें उचलल्यानें उंची खुंटते, अशी एक भीति घरोघर असते. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें २०२० सालीं स्पष्ट केलें आहे कीं, योग्य पद्धतीनें व जाणत्याच्या देखरेखीखालीं केलेल्या अशा व्यायामानें वाढीस अपाय होत नाहीं. अपाय होतो तो ईर्ष्येनें न पेलणारें वजन उचलल्यानें.

आतां अन्न. स्नायु वाढवूं पाहणाऱ्यास देहाच्या दर किलोमागें दिवसाला सुमारें १.६ ग्रॅम प्रथिनें असावींत, असें तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ४५ किलोच्या मुलास ७२ ग्रॅम. आमच्या घरांत मांस किंवा अंडें येत नाहीं. मुलाच्या आजीनें व सूनबाईनें मिळून हिशेब मांडला : दोन पेले दूध १६ ग्रॅम, दोन वाट्या घट्ट वरण १२, वाटीभर मोडाची उसळ ८, मूठभर शेंगदाणे ७, मूठभर फुटाणे ६, वाटीभर दहीं ५, पांच पोळ्या १५ आणि भात ४. बेरीज ७३. यांतील एकही पदार्थ दुकानांतून डब्यांत भरून आणावा लागत नाहीं. डाळींत जें उणें असतें तें तांदूळ-गहूं पुरवितात आणि धान्यांत जें उणें तें डाळ पुरविते. वरणभाताची जोडी उगीच जमलेली नाहीं. याच हिशेबांतून एक गोष्ट उघड झाली. मुलगा आजवर याच्या निम्मेंच खात होता : सकाळीं चहा-बिस्किटें, डब्यांत पोळी व बटाट्याची भाजी, रात्रीं पातळ वरण. ‘खातो पुष्कळ, अंगाला लागत नाहीं’ असें आम्ही समजत होतों. तो पुष्कळ खातच नव्हता. महिन्याकांठीं अर्धा ते एक किलो वजन वाढावें. न वाढल्यास एक पोळी, चमचाभर तूप व एक केळें अधिक द्यावें.

बाजारांतील प्रथिनांची भुकटी हें विष नव्हे. परंतु दूध व डाळ पोटभर मिळत असतां तिची गरजही नाहीं. स्टेरॉइड नांवाचीं औषधें मात्र खरोखर घातक आहेत. वाढत्या वयांत त्यांनीं हाडांचीं वाढीचीं टोकें अकालीं बंद होतात व उंची कायमची खुंटते. ‘दोन महिन्यांत शरीर बनवून देतों’ म्हणणाऱ्याच्या सावलीसही मुलास उभें करूं नये. आणि झोंप : या वयांत ८ ते १० तास हवी. रात्रीं दहानंतर घरांतील सर्वांचे मोबाइल, माझाही धरून, दिवाणखान्यांतील फडताळांत ठेवण्याचा नियम आम्हीं केला.

सर्वांत अवघड काळ पहिल्या दोन महिन्यांचा. या काळांत बळ वाढतें, रूप बदलत नाहीं; कारण प्रथम मज्जातंतु शिकतात आणि स्नायु मागाहून भरतात. मुलगा रोज आरशासमोर उभा राहतो, निराश होतो, आणि पुष्कळ मुलें येथेंच सोडून देतात. याच वेळीं घरांतून ‘काय पहिलवान, दिसत तर कांहीं नाहीं!’ असें एक वाक्य आलें, कीं सर्व संपलें. म्हणून आम्हीं ठरविलें कीं, त्याच्या देहाविषयीं कोणीही, बरें किंवा वाईट, एक अक्षर बोलावयाचें नाहीं. पाहुण्यांसही आधींच सांगून ठेविलें. व्यायामाच्या वेळीं त्यास बाजारांत पाठवावयाचें नाहीं, आणि शिकवणीचा वर्गही त्या वेळेवर घ्यावयाचा नाहीं. मुलानें करावयाचें तें मुलानें केलें. आम्हांस करावयाचें होतें तें इतकेंच, आणि माझ्यासारख्या बोलघेवड्यास तें जोर काढण्यापेक्षां सोपें गेलें नाहीं.

वर्ष झालें. वजन ५३ किलो आहे, त्यांत कांहीं भाग वाढत्या उंचीचाही आहे. जोर २५ निघतात, बारवर ५ वेळां हनुवटी जाते. तो मल्ल झालेला नाहीं. हात वर केले तर बरगड्या अजूनही दिसतात. खांदे मात्र मागें गेले आहेत, आणि पावसाळ्यापूर्वीं तो पुन्हां पोहावयास जाऊं लागला.

यंदाच्या श्रावणीस मीं त्याला बोलाविलें नाहीं. सर्व मंडळी बसल्यावर तो आपण होऊन आला, सदरा काढून खुंटीला अडकविला आणि माझ्यासमोर पाटावर बसला. कोणी कांहीं बोललें नाहीं. जुनें जानवें उतरवितांना तो किंचित् पुढें वांकून हळूच म्हणाला, ‘आजोबा, अजून क्रशीयस् तरी आहेंच ना?’

मीं म्हटलें, ‘व्याकरण पुरे झालें. आचमन कर.’