मुठीत नऊ एकर

रब्बीच्या तोंडावर नगरकडचा शेतकरी मूठभर काळी माती उचलून दाबतो आणि ढेकूळ खाली सोडतो. ते भुसभुशीत फुटलं की म्हणतो, ‘वाफसा आला.’ मृदाशास्त्रातल्या ‘फील्ड कपॅसिटी’ला, म्हणजे जादा पाणी निचरून गेल्यावर माती धरून ठेवते त्या ओलीला, याहून जवळचा शब्द मला तरी माहीत नाही.

ती मूठ शंभर ग्रॅमची धरू. काळ्या मातीत निम्मी तर चिकणमातीच, आणि तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचा भरणा. त्याचे थर पोथीच्या पानांसारखे एकावर एक. सगळी पानं उलगडली तर एका ग्रॅमचा पृष्ठभाग 700 ते 800 चौरस मीटर भरतो. म्हणजे सात गुंठे! पन्नास ग्रॅमचे नऊ एकर झाले. (छपाईची चूक असेल म्हणून मी हा गुणाकार तीनदा केला.) पाणी या पानांत शिरतं तशी जमीन फुगते. उन्हाळ्यात ते निघून गेलं की पाय जाईल एवढ्या भेगा पडतात.

पण एवढा पृष्ठभाग म्हणजे तेवढीच चिकाटी. शंभर किलो कोरडी काळी माती साधारण चाळीस किलो पाणी धरते आणि त्यातलं जवळपास निम्मं सोडतच नाही. पीक मान टाकतं तेव्हा मातीची ओढ हवेच्या दाबाच्या पंधरापट असते. पाण्याच्या भाषेत दीडशे मीटर उंचीचा स्तंभ. 1926 साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाची भिंत 82 मीटरची आहे.

नुसतं पाणी धरूनही भागत नाही. उत्तरेकडच्या थंड देशांतल्या दलदलीत पीट नावाची कुजकी माती असते. तिथलं शेवाळ स्वतःच्या वजनाच्या वीसपट पाणी धरतं, पण तिथे वाफसा कधी येतच नाही. मुळा-प्रवरेच्या कालव्यांखाली उसाला पाणी देऊन देऊन जी रानं चिबड झाली, त्यांचे मालक ते दुखणं ओळखतील.

आता हिशेब नगर जिल्ह्याचा. क्षेत्रफळ 17,048 चौरस किलोमीटर, राज्यात सर्वांत मोठं. त्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे 1,700 कोटी लिटर. मुळा धरणात 26 टीएमसी मावतं. जिल्हाभरच्या मातीने सरासरी 43 मिलिमीटर मुरवून घेतले की तेवढं पाणी झालं. मीटरभर खोल काळी तर पिकाला देता येईल असं सुमारे 200 मिलिमीटर पाणी साठवते. एकरी आठ लाख लिटर! दहा हजार लिटरचे ऐंशी टँकर, बांधावरून कुणालाही न दिसणारे. आपण मात्र धरणाच्या टक्केवारीच्या बातम्या वाचत बसतो.

कर्जत-जामखेडकडची मालदांडी ज्वारी याच साठ्यावर उभी राहते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि पुढे पाऊस नाही झाला तरी फेब्रुवारी-मार्चात ती काढणीला येते.