टाका न घालता बुजणारं भोक

डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध भोक पडलं की समोरच्या माणसाचे कान दिसतात, केस दिसतात, नाक मात्र दिसत नाही. पेपरातली ओळ मध्येच तुटते. दुसरा डोळा काम भागवत असल्यानं अनेकांना हे कितीतरी दिवस कळतच नाही. कारण बहुधा वयाचं. डोळ्यातला घट्ट, पारदर्शक व्हिट्रियस म्हातारपणी पडद्यापासून सुटू लागतो आणि सुटताना मॅक्युलाला, म्हणजे नेमक्या मध्यभागाला, ओढतो.

यावर इलाज नाही, असंच पूर्वी समजत. १९९१ मध्ये केली आणि वेंडेल या अमेरिकी डॉक्टरांनी ५२ डोळ्यांवरच्या शस्त्रक्रियांचे निष्कर्ष मांडले. त्यांपैकी ३० डोळ्यांतली भोकं बुजली होती. आज दहातली नऊ बुजतात.

ही शस्त्रक्रिया मी ऑपरेशन थिएटरमधल्या मॉनिटरवर पाहिली. पेशंट जागी होती, डोळा तेवढा बधिर केलेला. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागात तीन बारीक नळ्या बसवल्या: एक सलाईनसाठी, एक दिव्यासाठी, एक हत्यारासाठी. कटरनं व्हिट्रियस कापून ओढून घेतला. इथवर सगळं झपाट्यानं झालं.

मग पडद्यावर निळा रंग सोडला. पडद्याच्या अगदी वरच्या थराची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. रंगाशिवाय तो दिसतही नाही. "आजी, डोकं हलवू नका हं," एवढंच सर्जन बोलले. चिमट्यानं त्यांनी थराची कड उचलली. चिमटा लागला तिथं रक्ताचा एक ठिपका उमटला आणि थांबला. मग भोकाभोवती गोल फिरत, कड पुन्हा पुन्हा नव्यानं धरत, पापुद्रा सुटत गेला. सुटला तिथं फिकट, उरला तिथं निळं. खाली लगेच चेतातंतू. चिमटा किंचित खोल गेला तरी इजा. भोकाला ना टाका, ना डिंक. ताण काढायचा आणि बुजायचं काम डोळ्यावर सोपवायचं, हा विश्वास मला थक्क करतो.

भोक ४०० मायक्रॉनहून मोठं असेल, तर पापुद्रा पूर्ण न काढता त्याची पाळ भोकावर उलटवतात. पोलंडच्या मिखालेव्स्का आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत २०१० मध्ये मांडली.

शेवटी डोळ्यात गॅस भरतात. बुडबुडा वर चढतो, म्हणून तो मॅक्युलाला टेकावा यासाठी पेशंटनं मान खाली घालून राहायचं. किती दिवस, ते भोकाच्या आकारावर आणि डॉक्टरांच्या मतावर. जेवण, झोप, सगळं तसंच. शस्त्रक्रियेचा हा अर्धा भाग घरची माणसं पार पाडतात, आणि माझ्या मते तोच अधिक कष्टाचा. गॅस विरेपर्यंत विमानप्रवास बंद. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी जायचं तरी डॉक्टरांना विचारूनच. दुसरी काही शस्त्रक्रिया निघालीच, तर भूल देणाऱ्यांना डोळ्यात गॅस आहे हे आधी सांगायचं. नायट्रस ऑक्साइडनं बुडबुडा फुगतो आणि नजर जाऊ शकते.

भोक बुजल्यावरही नजर सावकाश, काही महिन्यांत सुधारते. भोक जुनं असेल तर कमीच. पुढे बहुतेकांना मोतीबिंदूचं ऑपरेशनही लागतं.