आजोबांचा वस्तरा भंगारात देऊ नका

नळदुर्गच्या आमच्या घरी माळ्यावर पत्र्याची एक जुनी पेटी आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी घराची साफसफाई करताना तीत कापडात गुंडाळलेला एक वस्तरा सापडला. पाते गंजून तांबडे पडले होते. मुलगा म्हणाला, "भंगारवाल्याला देऊन टाकू." आईने तो हातातून काढून घेतला. म्हणाली, "तुझ्या पणज्याचा आहे तो. त्यांच्या खेड्यात आपल्या माणसाची दाढी कुणी करत नव्हतं. म्हणून सोलापूरहून वस्तरा आणला अन् सगळ्या वस्तीची दाढी त्यांनीच केली."

हा अनुभव आमच्या एका घराचा नाही. परमपूज्य बाबासाहेबांच्या लहानपणी साताऱ्यात न्हावी पुष्कळ होते, पण अस्पृश्याच्या केसांना कोणी हात लावत नसे. त्यांच्या मोठ्या बहिणीच घरी केस कापत. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनीच हे लिहून ठेवले आहे. पुढे संविधानाच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता संपवली आणि 1955 च्या कायद्याने अस्पृश्यतेपोटी अशी सेवा नाकारणे हा गुन्हा ठरला. दोष वस्तऱ्याचा नव्हता, न्हाव्याच्या धंद्याचाही नव्हता. दोष जातीचा होता. भगवान बुद्धांच्या संघात विनयाचे सर्वश्रेष्ठ जाणकार भन्ते उपाली हे पूर्वाश्रमीचे न्हावीच होते. भिक्खूच्या आठ परिष्कारांतही वस्तरा आहे.

आपल्या घरी असा वस्तरा असेल तर आधी तो ओळखा. पाते आणि मूठ जिथे जोडलेली असते, तिथल्या बिनधारेच्या भागावर कारखान्याचा ठसा असतो. शेफील्ड म्हणजे इंग्लंड, सोलिंगेन म्हणजे जर्मनी, एस्किलस्टूना म्हणजे स्वीडन. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीची खूण चांदणी आणि क्रॉस अशी आहे. आयात मालावर देशाचे नाव हवे, असा कायदा अमेरिकेने 1890 मध्ये केला. त्यामुळे देशाचे नाव कोरलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा समजावा. जाड, पाचरीसारखे पाते जुन्या पद्धतीचे. दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेले पातळ पाते त्यानंतरचे. मूठ शिंगाची, हाडाची किंवा सेल्युलॉइडची असते. सेल्युलॉइड चोळले की कापरासारखा वास येतो. ते भडकन पेटते, म्हणून विस्तवाजवळ नेऊ नये.

आता दुरुस्ती. धारेला तडा किंवा मोठा खड्डा असेल तर वस्तरा वापरायच्या नादी लागू नका. साफ करून जपून ठेवा. गंजावर खोबरेल तेल लावून रात्रभर ठेवावे. सकाळी बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून, पाते लाकडी फळीवर टेकवून, पाठीकडून धारेकडे हलक्या हाताने घासावे. ठशावर मात्र पेपर लावू नये. तो पुसला तर वस्तऱ्याची ओळखच पुसली जाते. धार लावणाऱ्याच्या फिरत्या चाकावर तर मुळीच देऊ नका. पाते तापले की पोलादाचे पाणी उतरते आणि मग धार टिकत नाही.

धार लावायला सपाट, बारीक दगड हवा. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या ठेवून, धार पुढे करून चालवावे. नंतर चामड्याच्या पट्ट्यावर उलट, म्हणजे पाठ पुढे करून ओढावे. शेवटी कोरडे पुसून तेलाचा हात फिरवावा. हे काम जाणत्या कारागिराकडूनच शिकावे. मुलांचा हात पोहोचेल अशा जागी वस्तरा ठेवू नये.

एक पथ्य मात्र कडक पाळा. एका वस्तऱ्याने दोघांची दाढी करू नका. रक्तातून कावीळ 'ब' आणि एचआयव्ही पसरू शकतात. सलूनमध्येही प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे ब्लेड लावायला सांगा. तो आपला हक्क आहे.

आमचा वस्तरा आता साफ झाला आहे. ठशात 'शेफील्ड, इंग्लंड' ही अक्षरे स्पष्ट दिसतात. त्याने दाढी करायची नाही, असे घरात ठरले आहे. आईने सांगितलेली हकीकत मुलाने वहीच्या कागदावर लिहिली आणि तो कागद वस्तऱ्याबरोबर पेटीत ठेवला.

आपल्याही घरी वडीलधाऱ्यांना विचारा. अशी वस्तू असेल तर तिची हकीकत त्यांच्या तोंडून आजच लिहून घ्या. गंज नंतरही काढता येईल. सांगणारे माणूस मात्र कायमचे असत नाही.