पाठीवरची नाममुद्रा

कवितेत एक जुनी रीत आहे. अभंगाच्या शेवटी संत आपली नाममुद्रा ठेवतात, गझलेच्या मक्त्यात शायर आपला तखल्लुस ओवतो. कविता कुणाची, हे त्या एका शब्दावरून कळतं. खेळाडूचीही अशी एक नाममुद्रा असते. ती त्याच्या पाठीवर असते आणि आकड्यात असते.

हा आकडा मुळात माणसासाठी नव्हता, जागेसाठी होता. इंग्लंडमध्ये २५ ऑगस्ट १९२८ रोजी आर्सेनल आणि चेल्सी हे संघ लीगच्या सामन्यांत क्रमांक लावून उतरले. १९३३च्या एफए कप अंतिम सामन्यात एव्हर्टनचे खेळाडू १ ते ११ आणि मँचेस्टर सिटीचे १२ ते २२ होते. पुढे गोलरक्षकाला १, मधल्या आघाडीवीराला ९ असा शिरस्ताच पडला.

मग शिरस्ता मोडणाऱ्या गमती सुरू झाल्या. १९५८च्या विश्वचषकात ब्राझीलचा गोलरक्षक जिल्मार ३ क्रमांक लावून खेळला. सतरा वर्षांच्या पेलेच्या वाट्याला १० आला आणि त्या आकड्याचं भाग्य उजळलं. १९७४मध्ये हॉलंडने आडनावांच्या अकारविल्हे क्रमांक वाटले, पण क्रायफने आपला लाडका १४ सोडला नाही. अर्जेंटिनाने १९८२मध्ये तीच पद्धत ठेवली, तेव्हा १ क्रमांक मिळाला मधल्या फळीतल्या आर्दिलेसला आणि गोलरक्षक फियोलला ७! मॅराडोनापुरता मात्र अपवाद झाला, त्याला १० दिला गेला.

इंटर मिलानच्या झामोरानोची गोष्ट तर गझलेच्या शेरासारखी आहे. १९९८मध्ये त्याचा ९ क्रमांक रोनाल्डोकडे गेला. त्याने १८ घेतला आणि दोन आकड्यांमध्ये बारीकसं अधिकचिन्ह लावलं. एक अधिक आठ. हट्ट असावा तर असा! स्कॉटलंडच्या अॅबर्डीनकडून खेळणाऱ्या मोरोक्कोच्या झेरुआलीला सगळे ‘झीरो’ म्हणत, म्हणून त्याने चक्क शून्य पाठीवर घेतलं. २००४मध्ये मोटार अपघातात तो गेला. शून्य मात्र त्याच्याच नावावर राहिलं.

फुटबॉलची ही रीत क्रिकेटमध्ये आली आणि आपल्याकडे १० म्हणजे सचिन तेंडुलकर असं समीकरण झालं. मार्च २०१२मध्ये तो शेवटचा एकदिवसीय सामना खेळला. त्यानंतर पाच वर्षं तो क्रमांक कुणी घेतला नाही. ऑगस्ट २०१७मध्ये पालघरच्या शार्दूल ठाकूरने श्रीलंकेत पदार्पण केलं, ते १० लावून. जन्मतारखेच्या अंकांची बेरीज एवढंच त्याचं कारण. पण लोक असे तुटून पडले, की त्याने काय गोलंदाजी केली हे बाजूलाच राहिलं. पुढे त्याने ५४ घेतला. पहाटेची लोकल पकडून मुंबईला खेळायला जाणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी आपली जर्सी परकी वाटावी, याचं मला वाईट वाटतं.

थोरांचा क्रमांक निवृत्त करावा का? नापोलीने २०००मध्ये मॅराडोनाचा १० निवृत्त केला. अर्जेंटिनालाही २००२च्या विश्वचषकासाठी तेच करायचं होतं, पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे १ ते २३ असे सलग क्रमांक हवे होते, म्हणून फिफाने नकार दिला. भारतीय क्रिकेट मंडळाने सचिनच्या १० नंतर २०२३मध्ये धोनीचा ७ही बाजूला ठेवला. यामागचं प्रेम मला समजतं.

पण आमच्या त्र्यंबकेश्वरात ब्रह्मगिरीखाली पावसात, चिखलात पोरं चेंडू तुडवत असतात. बाजारातून आणलेल्या जर्सी, त्यांतल्या निम्म्यांच्या पाठीवर १०. त्यांना कुणी अडवत नाही. अर्जेंटिनाचा १० कपाटात गेला असता, तर २०२२मध्ये विश्वचषक उंचावणाऱ्या मेस्सीच्या पाठीवर दुसराच आकडा असता. नाममुद्रा ज्याची त्याने जपावी, हे खरं. पण अक्षरं सगळ्यांची असतात, तसे आकडेही सगळ्यांचेच असतात.