जुन्या मोटारसायकलला टिकाऊ टायर कसा निवडावा?



आपल्या या पत्रिकेतून आम्ही नेहमी बेणे, लागण, खोडवा आणि पाचट यांवर लिहितो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे, पण रोजच्या कामाचा आहे. आपल्या भागात जुन्या बुलेट, राजदूत, येझदी आणि पहिल्या काळातल्या हिरो होंडा अजून चालू आहेत. फडावर जायचे, गट ऑफिसला यायचे, नांदेडचा बाजार, लातूरचा दवाखाना, सणासुदीला तुळजापूर नाहीतर माहूर, सगळे त्याच गाडीवर. "वडिलांची गाडी आहे, विकणार नाही," असे सांगणारे सभासद गावोगाव भेटतात. आम्हीही त्यातलेच. परंतु गाडी लोखंडाची असते आणि टायर रबराचा. लोखंडाला रंग देऊन तरुण करता येते, रबराला नाही.

हा धडा आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या बुलेटचा मागचा टायर बदलायचा होता. तालुक्याच्या गावी एका दुकानात नवा कोरा टायर स्वस्तात मिळाला. अंगावरचे रबराचे केससुद्धा तसेच होते. आम्ही खूश. पुढे ऐन उन्हाळ्यात अहमदपूरहून लोह्याकडे येताना टायरच्या बगलेला फुगा येऊन तो फुटला. गाडी घसरली. आम्ही खरचटण्यावर निभावलो, पण मागे बसलेल्या आमच्या शेतकी मदतनिसाचे मनगट मोडले आणि ऐन लागणीच्या नोंदीच्या दिवसांत ते दीड महिना घरी बसले. नंतर टायरवरचा आकडा वाचला, तेव्हा कळले की आम्ही विकत घेतला त्या दिवशीच तो सात वर्षांचा होता. दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नव्हता. आकडा टायरवर छापलेला होता, आम्हीच वाचला नव्हता.

आधी जन्मतारीख, मग किंमत

टायरच्या बगलेवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. '२३१९' असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. ही चार आकड्यांची पद्धत २००० सालापासूनची आहे. त्याआधी तीनच आकडे असत. म्हणून वाड्यातल्या जुन्या गाडीच्या टायरवर तीन आकडे दिसले, तर तो गेल्या शतकातला समजावा आणि नक्षी कितीही चांगली असो, त्यावर बसून रस्त्यावर जाऊ नये. अक्षरे बारीक असतात, मोबाईलची बॅटरी तिरकी धरली की दिसतात.

बेणे घेताना आपण किती महिन्यांचे आहे, डोळे ताजे आहेत का, हे पाहतोच. तसेच इथे. घेताना टायर शक्यतो वर्षाच्या आतला असावा. पाच वर्षे झाली की दरवर्षी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा. दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी काढून टाकावा, असा टायर धंद्यातला सर्वसाधारण सल्ला आहे.

असे का? रबर उन्हाने, उष्णतेने आणि हवेतल्या ओझोनने कडक होऊन तडकते. ते टाळण्यासाठी कारखान्यात त्यात मेणासारखे पदार्थ मिसळतात. टायर फिरत राहिला, दबत राहिला, की हे मेण थोडे थोडे वर येऊन संरक्षण देते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की हे काम थांबते. म्हणजे जुनी गाडी कमी चालते म्हणून टायर जास्त टिकेल, हा हिशेब चुकीचा आहे. रोजच्या गाडीचा टायर झिजून संपतो, उभ्या गाडीचा म्हातारा होऊन संपतो.

माप जुने, टायर नवे

जुन्या बुलेट ३५० ला पुढे-मागे ३.२५-१९ हे माप होते. यातला ३.२५ हा टायरच्या रुंदीचा इंचातला आकडा आणि १९ हा रिमचा व्यास, तोही इंचात. जुन्या स्प्लेंडरचे माप २.७५-१८. आता पुष्कळ टायर नव्या पद्धतीने येतात, जसे ९०/९०-१९. यात पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची, आणि तिसरा पुन्हा रिमचा इंचातला व्यास. ३.२५-१९ ला ९०/९०-१९ जवळचा पडतो, २.७५-१८ ला ८०/१००-१८. तरी बसवण्यापूर्वी रिमची रुंदी मेकॅनिककडून मोजून घ्यावी.

काही तरुण मंडळी हौसेने रुंद टायर घालतात. अरुंद रिमवर रुंद टायर आवळला जातो, त्याचा आकार बिघडतो, मधलाच पट्टा झिजतो आणि वळणावर गाडी जड लागते. शिवाय आपली काळी माती! पावसाळ्यात शेतरस्त्यावर मडगार्ड आणि टायर यांत चिखल भरला की चाक जागेवर अडते. मूळ माप ठेवले तर मध्ये बोटभर जागा राहते. कंपनीने ती उगीच ठेवलेली नाही.

मापाच्या पुढे '५४ पी' असे काही लिहिलेले असते. आकडा वजनाचा, अक्षर वेगाचे. ५४ म्हणजे तो टायर २१२ किलो पेलतो, ४८ म्हणजे १८० किलो आणि ४२ म्हणजे १५० किलो. 'पी' म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत. वेगाचे आपल्याला कौतुक नाही, वजनाचे मात्र आहे. २.७५-१८ या एकाच मापात ४२ चेही टायर येतात आणि ४८ चेही. मागे बायको, मध्ये मूल आणि हँडलला खताची पिशवी अशी आपली स्वारी निघत असेल, तर मागच्या चाकाला जास्त आकड्याचाच टायर घ्यावा. (अशी स्वारी काढू नये हे खरे, पण निघते हेही खरे.)

टिकाऊ म्हणजे नुसता कडक नव्हे

कडक रबराचा टायर जास्त किलोमीटर जातो, पण ओल्या रस्त्यावर कमी धरतो. मऊ रबराचा चांगला धरतो, पण लवकर झिजतो. पुढचे चाक आपल्याला वळवते आणि थांबवते, तिथे पकड सोडू नये. मागचे चाक ओढते म्हणून लवकर झिजते, तिथे टिकाऊपणा पाहावा. नांदेड-लातूर महामार्गावर सरळ अंतर तोडणाऱ्यांच्या मागच्या टायरचा मधला पट्टा सपाट होतो. त्यांनी मध्ये भरीव रबर असलेली नक्षी घ्यावी. ज्यांचे निम्मे चालणे पाणंदीने आहे, त्यांनी ठोकळ्यांची नक्षी घ्यावी. मधोमध सलग पट्ट्या असलेला पुढचा टायर डांबरावर उत्तम, चिखलात मात्र हरतो.

किमतीचा हिशेब आपण एकरी उताऱ्यासारखा करावा. समजा, एक टायर २,००० रुपयांचा आणि १०,००० किलोमीटर जाणारा, दुसरा २,७०० रुपयांचा आणि १८,००० जाणारा. पहिला किलोमीटरला २० पैसे पडतो, दुसरा १५. महाग दिसणाराच स्वस्त निघाला. हे आकडे नुसते उदाहरणादाखल आहेत. आपले खरे आकडे मिळवायचे तर टायर बसवला त्या दिवशीचे किलोमीटर वहीत टिपून ठेवावेत.

बैलगाडीला वापरलेला टायर बसवण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. बैलाच्या चालीला तो चालतो. तीच सवय मोटारसायकलला लावू नये. उसाचा खोडवा राखावा, दुचाकीच्या टायरचा खोडवा राखू नये. रबर चढवलेला किंवा कोरून नक्षी काढलेला टायर दुचाकीला घेऊच नये. टायरवर आयएसआय खूण पाहावी आणि पावती घ्यावी.

बसवताना आणि नंतर

जुन्या गाडीला तारांची चाके, म्हणजे ट्यूब आलीच. नव्या टायरला नवीच ट्यूब, तीही त्याच मापाची. रिमची आतली पट्टीही बदलावी, नाहीतर तारेचे टोक ट्यूबला टोचते आणि आपण बाभळीच्या काट्याला दोष देत बसतो. टायर चढवताना कडेला साबणाचे पाणी लावावे, ग्रीस किंवा डिझेल नको, त्याने रबर खराब होते. बगलेवर बाण असेल तर चाक फिरण्याच्या दिशेने धरावा. जुन्या गाडीला नायलॉनचे साधे टायर असतात. पुढे रेडियल आणि मागे साधा, अशी मिसळ करू नये.

नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पहिले दीडशे किलोमीटर सावकाश जावे. तारा ढिल्या, बेअरिंग खिळखिळे किंवा चेन तिरपी असेल तर कितीही भारी टायर घ्या, तो वाकडाच झिजेल. ती दुरुस्ती आधी.

हवा थंड टायरमध्ये, सकाळी, आठवड्यातून एकदा पाहावी. पुढे कमी, मागे जास्त आणि दोघे बसणार असल्यास मागे आणखी थोडी, हे प्रमाण गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. उन्हात हवा वाढते म्हणून ती काढू नये. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि बगलेतून फुटतो. गाडी बरेच दिवस उभी करायची असेल तर मधल्या स्टँडवर, सावलीत, वेल्डिंगच्या यंत्रापासून दूर.

कायद्याने, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे, दुचाकीच्या नक्षीची खोली किमान ०.८ मिलिमीटर हवी. पण पावसाळ्याच्या तोंडावर एवढ्यावर विसंबू नये. नक्षीच्या खाचेतल्या खुणेला रबर टेकले की बदलावा. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी वाढवताना गाडीची तपासणी होते, तेव्हाही टायर धड असलेला बरा.

तेव्हा सभासदांना आमची विनंती एवढीच. हा अंक वाचून झाला की दाराशी उभ्या असलेल्या गाडीजवळ जावे, खाली बसावे आणि दोन्ही टायरवरचे चार आकडे वाचावेत. बगलेवर बारीक भेगा, फुगा किंवा उघडा पडलेला दोरा दिसला तर गळीत हंगामाच्या बिलाची वाट पाहू नये. आमच्या मदतनिसाचे मनगट जुळले, पण थंडीत अजून दुखते. त्यांनी तक्रार कधी केली नाही. आम्ही मात्र तेव्हापासून दुकानात आधी खाली वाकतो, आकडा वाचतो आणि मगच भाव विचारतो.

– ऊस विकास अधिकारी