माळवदाखालचा मुक्काम

माळवद म्हणजे मातीचे सपाट छत. सोलापूर, धाराशिव, लातूर, बीड या कमी पावसाच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या याच छताची घरे बांधली गेली. कोकणात उतरत्या कौलांशिवाय घर टिकत नाही. सोलापूर जिल्ह्यात मात्र वर्षाला सरासरी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही सरीसरीने, त्यामुळे मातीचे छत इथे निभावून जाते. माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे याच पट्ट्यातले जुने गाव. यादवांच्या काळातले अर्धनारी नटेश्वराचे मंदिर, रामचंद्रदेवाच्या काळातील शिलालेख आणि ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम यांमुळे ते ओळखले जाते. अशा गावच्या जुन्या घरात पाहुणा म्हणून चार दिवस राहायचे झाले, तर ते घर कसे उभे असते, हे आधी समजून घ्यावे लागते.

गावठाणाच्या जमिनीला ‘पांढरी’ म्हणतात आणि शेताला ‘काळी’. माळवदाची माती पांढरीतली. ती चिकट आणि किंचित खारी असते, चोपून बसवली की पाणी सहजी आत घेत नाही. भिंती दोन-तीन फूट जाड, खाली दगड आणि वर मातीचे बांधकाम. आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी दांडकी, त्यांवर काटक्यांचा दाट थर, मग पालापाचोळा आणि सर्वांत वर माती. पाणी जायला कडेला पन्हाळ आणि उजेडासाठी छतात एक झरोका. घर मोजायचे ते खणांत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. पाच खणांचे, सात खणांचे असे घराचे माप सांगितले की किती माणसांचे कुटुंब असेल, याचा अंदाज ऐकणाऱ्याला येत असे.

थोरल्या घराला दारात ढेलज, पुढे चौक, भोवती सोपा, आत माजघर आणि त्याच्याही आत देवघर असे. भिंतीतच धान्याचे बळद, जमिनीत पेव. अनेक घरांत दारालगतच जनावरांची दावण असे, म्हणजे माणसे आणि बैल एकाच छताखाली. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो, तेव्हा या घराचा गुण कळतो. दिवसभराचे ऊन जाड भिंतीत आणि मातीच्या छतात मुरायला इतका वेळ लागतो की दुपारी माजघर थंड राहते. तापलेली भिंत रात्री ती ऊब आत सोडू लागते, पण तोवर घरातली माणसे वाकळ घेऊन माळवदावर झोपायला गेलेली असतात. दिवसा त्याच माळवदावर शेंगा, तुरी, कुरडया वाळत असतात.

या घराची दुसरी बाजूही आहे. माळवद गळू नये म्हणून दर उन्हाळ्याच्या शेवटी त्यावर नवी माती टाकतात. जुनी माती काढण्याचे कष्ट क्वचितच कोणी घेतो. पन्नास-साठ वर्षांत थरावर थर चढत जातात आणि खालच्या खांबांवर काही टनांचा भार येतो. भिंतीचे बाहेरचे आणि आतले दगड एकमेकांत नीट अडकवलेले नसतात, मधल्या पोकळीत नुसती माती आणि दगडांची चीप भरलेली असते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली अशीच घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. माळवदावरचा लोकांचा विश्वास त्या दिवशी उडाला, आणि तो उडणे साहजिक होते. मात्र दोष मातीपेक्षा तिच्या वजनाचा आणि सैल भिंतींचा होता. जास्तीची माती उतरवून थर पातळ करणे, त्याखाली पाणी अडवणारा कागद घालणे, भिंतीत आरपार जाणारे लांब दगड बसवणे, खांब आणि तुळई यांच्या सांध्यांत तिरके टेकू ठोकणे या उपायांनी जुने घर बरेच सुरक्षित करता येते. पाहुण्यांना उतरवायचे असेल, तर हे काम आधी आणि रंगरंगोटी मागाहून, यात तडजोड नको. मध्य इटलीतील अमात्रिचे परिसरात २४ ऑगस्ट २०१६ च्या भूकंपात जवळपास तीनशे माणसे गेली. तिथेही जुन्या दगडी भिंती आणि त्यांच्यावरचे जड छत हे दुखणे होतेच.

इटलीचे नाव इथे आणखी एका कारणाने घ्यावे लागते. शेतातल्या जुन्या घरात पाहुणे उतरवण्याची पद्धत त्या देशाने जगात सर्वांत नेटकेपणे रुजवली. टस्कनीत जमीनदार कुळाला शेत आणि राहायला घर देई व पिकाचा अर्धा वाटा घेई. या पद्धतीला तिथे ‘मेझ्झाद्रिया’ म्हणत. माळशिरसच्या शेतकऱ्याला ती लगेच कळेल, कारण आपल्याकडच्या अर्धेलीचाच तो मोठा अवतार. कुळाचे दगडी घर शेतातच असे: खाली बैल, वर माणसे, बाहेरून जिना. थंडीत खालच्या जनावरांची ऊब वर येत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण माणसे कारखान्यांकडे गेली, १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद केले आणि टेकड्यांवरची हजारो घरे ओस पडली. छप्परे बसली, अंगणात झाडोरा माजला.

त्याच सुमारास, १९६५ मध्ये, ‘अग्रितुरिस्त’ ही शेतकऱ्यांची संस्था निघाली आणि शेतावर पाहुणे ठेवण्याची कल्पना पुढे आली. १९८५ मध्ये इटलीने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि २००६ मध्ये तो नव्याने लिहिला. पाहुणे ठेवणारा माणूस शेतकरीच असला पाहिजे, आणि पाहुण्यांच्या सरबराईपेक्षा शेतीच्या कामाला लागणारा वेळ जास्त असला पाहिजे, ही त्यातली मुख्य अट. पाहुण्यांसाठी शेतात आधीपासून असलेलीच इमारत वापरायची आणि ताटात स्वतःच्या व आसपासच्या शेतातला माल ठरावीक प्रमाणात वाढायचा. या अटींमुळे पडलेली घरे पुन्हा उभी राहिली. जुने घर दुरुस्त केल्याशिवाय पाहुणे ठेवताच येत नव्हते. दक्षिणेकडच्या पुलिया प्रांतात तटबंदी असलेल्या ‘मासेरिया’ नावाच्या मोठ्या शेतवाड्यांचे आणि बिनचुन्याच्या दगडी ‘त्रुल्ली’ घरांचेही असेच पुनरुज्जीवन झाले.

महाराष्ट्रात ही वाट उशिरा, पण स्वतंत्रपणे निघाली. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी १९८०च्या दशकात शेतीवर पाहुणे आणायला सुरुवात केली. पुढे पांडुरंग तावरे यांनी बारामती तालुक्यातील पळशीवाडीच्या केंद्रापासून शेतकऱ्यांचे जाळे विणले. १६ मे हा जागतिक कृषी पर्यटन दिन म्हणून पाळला जातो, त्यामागेही त्यांचाच पुढाकार. २०२० मध्ये राज्य सरकारने कृषी पर्यटन धोरण मंजूर केले आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची सोय झाली. तरीही इटलीच्या तुलनेत एक उणीव डोळ्यांत भरते. आपल्याकडे कृषी पर्यटन केंद्र म्हटले की पहिल्यांदा सिमेंटच्या खोल्या, पोहण्याचा तलाव आणि कृत्रिम पावसातला नाच यांवर खर्च होतो. जुने माळवद मात्र मागे पडते, वाटण्यांत तुकडे होते आणि शेवटी त्याच्या सागवानी तुळया व कोरीव दारे जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात. शहरातल्या हॉटेलांत ती शोभेला लागतात. ज्या घरातून ती निघाली, तिथे पाहुण्याला राहायला मिळाले असते, तर ते अधिक मोलाचे ठरले असते.

वेळापूर परिसराला एक फायदा आहे. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याने या भागात ऊस आला आणि गावठाण सोडून माणसे शेतात वस्ती करून राहू लागली. १९३२ मध्ये सासवडहून आलेल्या माळी शेतकऱ्यांनी जवळच माळीनगरला साखर कारखाना उभा केला, इतकी शेती तेव्हा बदलत होती. आज अकलूजच्या रस्त्याने जाताना उसाच्या फडांमध्ये दिवे लुकलुकतात, त्या वस्त्या. ‘वस्तीवर राहतो’ हा इथला पत्ता असतो. शेताच्या मधोमध राहण्याची ही सवय टस्कनीच्या कुळाच्या घराशी अगदी जुळते. म्हणून इथल्या मुक्कामाची दोन रूपे होऊ शकतात: गावठाणातले दुरुस्त केलेले माळवद, आणि वस्तीवरचे साधे घर.

पाहुणचार हीसुद्धा इथली जुनी गोष्ट आहे. आषाढीच्या आधी ज्ञानेश्वर माउलींची पालखी माळशिरसहून वेळापूरला येते. गावाच्या अलीकडे धाव्याच्या उंचवट्यावरून वारकरी पंढरीच्या ओढीने धावत सुटतात आणि मग गावात मुक्काम पडतो. त्या रात्री घराघरांत, सोप्यावर, अंगणात अनोळखी माणसे झोपतात आणि त्यांच्यासाठी पिठले-भाकरीची रास रचली जाते. यजमान पैसे घेत नाही, ती सेवा असते. त्यामुळे एरवी पाहुण्याकडून भाडे घेणे अनेक घरांना संकोचाचे वाटते. हा संकोच समजून घेण्यासारखा आहे. वारीचे दिवस सेवेचे ठेवून वर्षाच्या उरलेल्या दिवसांत ठरलेला दर घेणे हा त्यातला सरळ मार्ग, आणि तो दर पाहुण्याने घासाघीस न करता द्यावा.

मुक्कामाचा खरा हंगाम हिवाळा. पौष-माघात ज्वारीची कणसे दुधात येतात, तेव्हा हुरडा. शेतात खड्डा करून त्यात गोवऱ्यांचा विस्तव करतात, ती आगटी. कणसे दांड्यासकट तिच्यात खुपसतात. दाणे हिरवट-काळसर झाले की कणीस गरम असतानाच तळहातावर चोळायचे, फुंकर घालून कोंडा उडवायचा, आणि हातात राहतात मऊ, गोडसर दाणे. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, जमल्यास बोरे. हुरड्यासाठी गूळभेंडीसारखी खास गोड ज्वारी वेगळी पेरतात. भाकरीची ज्वारी वेगळी, आणि त्यात मोहोळला निवडून काढलेल्या मालदांडीचा मान मोठा.

स्वयंपाकघरात बसायला मिळाले, तर पाहुण्याने तीही संधी सोडू नये. काठवटीत गरम पाण्याने पीठ मळले जाते आणि हाताच्या टाचेने दाबत, फिरवत भाकरी थापली जाते. तव्यावर टाकल्यावर तिच्या वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरतो. पाणी सुकले की ती उलटते आणि शेवटी चुलीतल्या आरापुढे उभी केली की टम्म फुगते. यातला प्रत्येक टप्पा काही सेकंदांचा आहे आणि घरची बाई तो बोलता बोलता पार पाडते. भाकरी कडक वाळवूनही ठेवतात, ती सोलापूरची कडक भाकरी.

चैत्रात अर्धनारी नटेश्वराची यात्रा भरते. मंदिराच्या नावात अर्धनारी असली, तरी गाभाऱ्यातली मूर्ती आलिंगन दिलेल्या हरगौरीची आहे, हे पाहुण्याने जवळून पाहावे. त्यानंतर ऊन वाढते, रात्री माळवदावर अंथरुणे पडतात, आणि वैशाख सरता सरता छताच्या डागडुजीची घाई सुरू होते. गवताची मुळे उपटायची, घुशींची भोके बुजवायची, आणि नुसती भर घालून भार वाढू नये म्हणून खरे तर सैल झालेली जुनी माती आधी खाली उतरवायची आणि तेवढीच नवी चोपून बसवायची. मजुरी आणि ट्रॉलीभर माती यांचा हा खर्च दर वर्षीचा आहे. पहिला पाऊस झाला की घरातली माणसे माजघरात उभी राहून वर पाहतात. थेंब पडेल तिथे जमिनीवर कोळशाची खूण करतात, आणि उघडीप मिळताच घमेले घेऊन कोणीतरी शिडी चढते. आषाढात पालखी दारात येण्याआधी ते काम संपवायचे असते.